मालनआत्याची ग्रीसमधली खोली

आत्या, तुझ्या दहाव्याला कावळा शिवला आन् सगळी माणसं "सुटली बाई" म्हणून जेवायला गेली. तुला म्हणून सांगतो, तो कावळा आपणहून आला नव्हता. मी आणला व्हता.

कसं असतं ते तुला माहितीय. नदीच्या काठावर पानावर पिंड ठेवला, सगळे लांब जाऊन उभे राहिले आन् बघत बसले. मेलेल्याची काय इच्छा राहिली असंल तर कावळा शिवत नाय, हे आपल्याकडं पक्कं. समोरच्या बाभळीवर सात-आठ कावळे बसलेले, पण एक खाली येईना. मग एकेकानं तुझी इच्छा ओळखायला सुरुवात केली. तुझी सारिका डोळ्याला पदर लावून म्हणली, "आई, पोरांना शिकवीन मी, काळजी करू नको." कावळे गप. आमचे अण्णा हात जोडून म्हणले, "मालन, तुझी शेळी विकणार न्हाई, भाऊ म्हणून शब्द देतो." गप. बापूकाकानं तर तुझ्या घरावर नवे पत्रे टाकायचं कबूल केलं, आन् लगेच आजूबाजूला बघितलं, कुणी नीट ऐकलं तर नाय ना. शेवटी माझी आई पुढं झाली. "वन्सं, त्या पितळी डब्याचं मनात ठेवू नका. तुमचाच व्हता तो." मी आईकडं बघतच राहिलो. इतकी वर्षं तो डबा आमचाच म्हणून भांडत व्हती. पण कावळ्यांना त्याचं काय नाय.

गुरुजींना अकरा वाजता मंचरला दुसरा दहावा व्हता. ते घड्याळ बघत म्हणले, "दर्भाचा कावळा करून शिववू का? चालतं तसंही." सारिका मोठ्यानं रडायला लागली. तिला नकली कावळा नको व्हता.

तुझं काय राहिलंय ते मला माहीत व्हतं. दोन गोष्टी व्हत्या. एक ग्रीस. दुसरी माझ्याकडं अडकलेली. "आत्या, तुला ग्रीसच्या सांतोरीनी बेटावरल्या हॉटेलात नेतो," असं दहाव्याला वरडून बोललो असतो तर लोकांनी मला नदीत ढकललं असतं. आन् दुसरी गोष्ट चारचौघात बोलायची हिंमत नव्हती.

तेवढ्यात अण्णाच म्हणले, "पोपटा, तू बोलाव की. शाळंत तर लई बोलवायचास."

बघ, माझं नाव प्रशांत हाय हे सख्ख्या बापाला पण आठवत नाय. पोपट हे नाव तूच ठेवलंस. चौथीत मी मास्तरांचा आवाज काढला म्हणून त्यांनी मला वर्गाबाहेर उभं केलं व्हतं, तेव्हा तू शाळेत आलीस. मला वाटलं आता दोघं मिळून मारणार. तू मास्तरांना म्हणलीस, "सर, एकदा ऐका तर. तुमच्यापेक्षा तुमच्यासारखा बोलतो." मास्तरांनी ऐकलं, आन् हसले. आज मी हळदीला, वाढदिवसाला, गणपतीत स्टेजवर सरपंच, कंडक्टर, बातम्यांवाली बाई, सगळ्यांचे आवाज काढून पोट भरतो, त्याचं पहिलं तिकीट तू फाडलंयस.

तर कावळा. मला कावळ्याचे दोन आवाज येतात. एक साधा, खायला मिळालंय, या, असा. तो काढला. ढिम्म. पोटं भरलेली असणार, त्या दिवशी घाटावर आणखी दोन दहावे व्हते. मग मी दुसरा काढला. पिल्लू खाली पडलंय, धावा, असा. आत्या, बाभळीवरचेच काय, पलीकडच्या उसातले, देवळावरचे, कुठकुठले कावळे आले. डोक्यावर नुसता कालवा. एक खाली उतरला, पिल्लू शोधत मान वाकडी करून इकडंतिकडं बघितलं, काय दिसलं नाय, तेव्हा पिंडाला एक चोच मारून गेला.

"शिवला! शिवला!"

सारिकानं माझ्या गालावरून हात फिरवला. "पोपट, तुझ्यामुळं आई सुटली रे." गुरुजींनी पटापट आवरलं. माणसं पत्रावळीकडं गेली. कावळे मात्र अर्धा तास वर घिरट्या घालत पिल्लू शोधत व्हते. त्यांच्याकडं कुणी बघितलं नाय. मी पत्रावळ सोडून तेच बघत बसलो.

खोटा आवाज काढायचा आन् समोरच्यानं खरं समजून धावत यायचं, हे मी पहिल्यांदा केलं नव्हतं. पहिल्यांदा तुझ्याबरोबर केलं.

तू डिंभ्याला धरणाच्या पाण्याकडच्या त्या रिसॉर्टवर खोल्या आवरायचीस. नऊ खोल्या. रोज नऊ बेडवर चादरी घालायच्या, टॉवेलचं बदक करून पायाशी ठेवायचं, आन् पाहुण्यांनी दुसऱ्या दिवशी त्या बदकानं पाय पुसायचे. एक पाहुणी इंग्रजी मासिक खोलीत विसरून गेली. मॅनेजर म्हणाला रद्दीत टाका. तू पिशवीत टाकलंस. त्यात ग्रीसच्या बेटांवरल्या हॉटेलांचे फोटो व्हते. पांढऱ्या भिंती, निळी दारं, खोलीच्या दारातच पोहायचा हौद, आन् खाली समुद्र. तू ती पानं कापून लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलीस. कपाट उघडलं की एका बाजूला साड्या, एका बाजूला ग्रीस.

त्यातलं इंग्रजी मी वाचून दाखवायचो. अर्धं येत व्हतं, अर्धं मनानं घालायचो.

"हे बुटीक हॉटेल म्हणजे काय रे?"

"म्हणजे बारकं असतंय. दहा-बारा खोल्या, पण एकेक खोली येगळी, लई भारी."

"आमच्यात नऊच हायेत. मग आमी पण बुटीकच की."

एका हॉटेलाची खोली डोंगरात कोरलेली व्हती. मी म्हणलं, "गुहेत झोपायला एवढं लांब कशाला? जुन्नरला लेण्या काय कमी हायेत?" तू म्हणलीस, "लेणीत चादर कोन घालतंय?"

तुझं सगळं लक्ष त्या चादरीवर. लोक फोटोत समुद्र बघतात. तू चष्मा लावून बेडचे कोपरे बघायचीस. "ह्या बाईचा हात चांगला हाय. सुरकुती बघ, एक नाय." पांढऱ्या भिंती दिसल्या की, "कोन पुसत असंल?" निळं दार दिसलं की, "समुद्राच्या वाऱ्यानं रंग टिकत नसंल, दर वर्षी मारावा लागत असंल." मी म्हणायचो, आत्या, तू तिथं फिरायला जाणार हायेस का कामाला? तेव्हा एकदा तू चष्मा काढून मला नीट सांगितलंस.

"मला समुद्र नको का सूर्य बुडालेला नको. मला दुसऱ्यानं घातलेल्या चादरीवर झोपायचंय. आन् सकाळी उठून, ती तशीच टाकून, चप्पल घालून निघून जायचंय. पाहुणं मागं वळून बघत नाय बेडाकडं, पोपट. कंदीच नाय. मी इतकी वर्सं बघतीय."

"तुला जमणार नाय. तू चादर झटकून, कोपरे मारूनच बाहेर पडशील."

"न्हाई पडनार."

"लाव पैज."

"लावली."

ही पैज आपण कितीदा लावली, आन् कितीदा त्यावरून भांडलो. मी म्हणायचो, तुझ्या हाताला खोड लागलीय, तू बसमधली सीटपण झटकून उठतीस. तू म्हणायचीस, ते वेगळं, तिथं तिकीट आपलं असतंय. पाहुणी झाल्यावर बघ. आपल्या दोघांत एवढा एकच वाद राहिला असता तर बरं झालं असतं.

आपला दुसरा खेळ फोनचा. मी वेगवेगळ्या आवाजात तुला फोन करायचो. लाईटबिलवाला, बँकेतली बाई, गावचा पोलीस पाटील. तू दोन शब्दांत पकडायचीस. "ओळखलं." मी विचारलं, कसं काय? म्हणलीस, "आवाज काढायच्या आधी तू नाकानं श्वास ओढतोस मेल्या. तिथंच ओळखते." स्टेजवर हजार लोकांना फसवणारा मी, तुला कधी फसवू शकलो नाय. तेच डोक्यात बसलं माझ्या.

गेल्या थंडीत तू नारायणगावला एका दुकानात लकी ड्रॉचं कुपन भरलं व्हतंस. मी वारूळवाडीच्या मित्राच्या फोनवरून तुला फोन लावला. "हॅलो मॅडम, दिस इज निकोस फ्रॉम सांतोरीनी. मॅडम, आपका कुपन लग गया. चार रात हमारे होटल में. आना-जाना सब फ्री." मला वाटलं आता येईल "ओळखलं." श्वास पण चांगला जोरात ओढला व्हता, तुला सोपं जावं म्हणून. पण ग्रीसचा मॅनेजर हिंदी का बोलतोय, हे सुद्धा तू विचारलं नायस.

मग म्हणलीस, "सर, एकच विचारू का? तिथं चादर कोन घालनार?"

"मॅडम, हमारा स्टाफ है ना."

"मग येते," म्हणलीस.

मी लगेच फोन कट केला. मित्र हसून लोळला, मी पण हसलो. तुला "ओळखलं" म्हणायचंच नव्हतं, हे मला तेव्हा कळायला पाहिजे व्हतं. संध्याकाळी जाऊन सांगतो म्हणलं, तर खोडदला हळदीचा कार्यक्रम आला. तिथून दुसरा. तिसऱ्या दिवशी तुझ्या दारात आलो, तर शेजारच्या चार बाया बसलेल्या, आन् खाटेवर चाकाची नवी बॅग, तिचं प्लास्टिक पण काढलेलं नव्हतं. रिसॉर्टच्या मॅनेजरकडं आठ दिवसांची सुट्टी मागून झाली व्हती. घोडेगावला जाऊन पासपोर्टसाठी फोटो काढून झाला व्हता, कान दिसतील असा. एक बाई विचारत व्हती, "तिकडं नऊवारी चालती का गं?"

मला त्याच क्षणी माझ्या आवाजात बोलायला पाहिजे व्हतं. मी काय केलं? निकोसच्या आवाजात म्हणलं, "मॅडम, सॉरी, बुकिंग कॅन्सल."

बायांना कळायला जरा वेळ लागला. मग त्या हसल्या. तू बॅगेकडं बघत व्हतीस.

"आता तुझ्या आवाजात सांग," म्हणलीस.

मी कंडक्टर काढला. "चला, उतरा, ग्रीस आलं."

"तुझ्या."

मी सरपंच काढला. खरं सांगतो आत्या, मी दुसरं काय काढणार? आतून जे यायला पाहिजे व्हतं ते येईचना, आन् बाकीचे सगळे रांगेत उभे. तू उठलीस. "चहा घेऊन जा," म्हणलीस.

पुढं रिसॉर्टवर लोक कितीतरी दिवस विचारत व्हते, "मावशी, विमान कधी हाय?" तू पण त्यांच्यात हसायचीस. माझ्यावर रागावली पण नायस. जेवायला वाढायचीस, माझ्या आईशी डब्यावरून भांडायचीस, सगळं तसंच. एकच बदललं. मी फोन केला की, "कोन बोलतंय?"

"आत्या, ओळख की."

"नाय ओळखलं."

वर्षभर. तू पण लई ताणलंस, हे सांगायलाच पाहिजे. मेलीस म्हणून सगळी चूक माझीच असं कसं? एकदा शिवी दिली असतीस, कानफटात मारली असतीस, तर माझं तोंड उघडलं असतं. तू नुसतं "कोन बोलतंय" म्हणून मला गावाबाहेर उभं केलंस. मास्तरांनी केलं व्हतं तसं. तेव्हा सोडवायला तू आलीस. ह्या वेळी कोण येणार व्हतं?

तू गेलीस त्याच्या आधीच्या रविवारी मी गॅसवाल्या बाईच्या आवाजात फोन केला. तू म्हणलीस, "राँग नंबर." फोन ठेवताना हसलीस का? मला तसं वाटलं. म्हणून ठरवलं, पुढच्या रविवारी जायचं, समोर बसायचं, कुणाचा आवाज काढायचा नाय. गुरुवारी तू गेलीस.

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी रिसॉर्टच्या मॅनेजरचा फोन आला, मावशींचं सामान घेऊन जा. सामान म्हणजे डबा, चपला आन् एक स्वेटर. ते रेखानं बांधून ठेवलं व्हतं. रेखा, तुझ्याबरोबर खोल्या आवरायची ती. डोळे सुजलेले, पण तोंड चालू.

"दादा, चार नंबरची खोली बघायचीय का? तशीच हाय. कुनी पोरगी आत जायला तयार नाय. साहेब म्हनले शनिवारी पाहुनं हायेत, तवर ऱ्हाऊ द्या बंद."

मला माहीतच नव्हतं आत्या. आमाला घरी एवढंच कळलं व्हतं की कामावर छातीत दुखलं आन् घोडेगावला नेताना वाटेतच गेलीस. रेखानं कुलूप काढता काढता सांगितलं.

"मावशींची चादर घालून झाली व्हती. बदक पन ठेवलं. मग म्हनल्या, जरा पडते. मी म्हनलं, मावशी, तिकडं स्टाफरूममधी पडा, साहेब बघतील. तर म्हनल्या, बघू दे. हितंच पडते."

"मग?"

"मग म्हनल्या, एसी लाव. लावला. म्हनल्या, रिमोट माझ्याकडं दे आन् दार वढून घे. मी पाच नंबरला गेले. अर्ध्या तासानं आले तर घामानं भिजलेल्या. एसी अठरावर व्हता दादा, तरी घाम. जीप काढली, चौघांनी उचललं."

तिनं दार उघडलं.

खोली काय ग्रीसची नव्हती. फरशी, हिरवा पडदा, भिंतीवर सूर्यफुलाचं चित्र. पण बेड, आत्या. उशीत तुझ्या डोक्याचा खड्डा. चादर एका बाजूनं पार खाली लोळलेली, पायाकडचा कोपरा सुटलेला. बदक मान मोडून पडलेलं. रिमोट उशीपाशी. इतकी वर्षं नऊ खोल्यांत तू एक सुरकुती राहू दिली नव्हतीस, आन् इथं नुसत्या सुरकुत्याच.

तू पैज जिंकलीस. उठून गेली नायस, उचलून नेलं, हे खरं. पण पैजेत तसं काय ठरलं नव्हतं. दुसऱ्याच्या बेडवर झोपलीस, तसाच टाकून गेलीस, मागं वळून बघितलं नायस. चादर तेवढी तुझी तूच घातलेली.

रेखा दारातच थांबली व्हती, उंबऱ्याच्या आत येईना. मी बेडपाशी गेलो. नाकानं श्वास ओढला नाय.

"आत्या," मी म्हणलं, "मी प्रशांत. तो फोन मी केला व्हता. लई चुकलं माझं."

माझा आवाज असा हाय हे मला माहीत नव्हतं. बारीक हाय जरा, अण्णांच्या वळणाचा. त्यात हसण्यासारखं काय नाय. कावळा आला नाय, पडदा हलला नाय, काय झालं नाय. तू ओळखलंस का, ते मला कळायची सोय नाय. ती कशी असणार?

बॅगेचं सांगायचं राहिलं. सारिका तुझ्या साड्या त्या चाकाच्या बॅगेत भरून भोसरीला घेऊन गेली. प्लास्टिक तिनं काढलं. कपाटातली पानं तिला दिसली, म्हणली, "हे काय चिकटवलंय आईनं?" मी म्हणलं, राहू दे, मी बघतो. अशी चिकटवलेली पानं काढताना फाटतात, पण ओल्या फडक्यानं सुटली. माझ्याकडं हायेत.

तर चार नंबरची खोली. मी रेखाला म्हणलं, "धुतलेली चादर दे."

"दादा, तुमी?"

"दे."

जुनी काढली. नवी पसरली. डोक्याकडचं जमलं. पायाकडचे कोपरे तू मारायचीस तसे दुमडायला गेलो, तर उजवा फुगला. एकदा काढला, परत मारला, परत फुगला. रेखा आता आत आली व्हती. तिनं लांबून मान तिरकी करून बघितलं.

"चालंल दादा. पाहुन्यांना कळत नाय."

"ह्या पाहुणीला कळतं," मी म्हणलं. आन् सगळी चादर ओढून काढली, परत पहिल्यापासून घातली.